रिकाम्या नावेत तापणारं इंजिन

प्रिय दादा,

तू गेल्याला चार महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुला लिहायला बसलोय. रागावू नकोस. आज दुपारी आपल्या नावेच्या इंजिनाचा रोग सापडला. सापडल्या सापडल्या मी ओरडलोसुद्धा, "दादा, ये रे इकडं!" आणि मग भानावर आलो. आता एवढी मोठी गोष्ट सांगू कुणाला? पोटात मावेना, म्हणून कागद घेतला.

ते इंजिन मीच आणलं होतं, आठवतं? लष्कराच्या भंगाराच्या लिलावातून, सायकलच्या कॅरियरला करकचून बांधून. नावेच्या मागच्या फळीला ते अडकवलं, तू दोरी ओढलीस आणि नाव इंद्रायणीत अशी सुटली की गवळीबुवा दुधाच्या किटलीसकट मागे कलंडले! केवढा हसलास तू! वीस वर्षं माणसं या तीरावरून त्या तीरावर नेऊन तुझ्या तळहाताला घट्टे पडले होते. मला वाटलं, सुटला माझा दादा वल्ह्यातून.

महिन्याभरातच ते तापायला लागलं. भर डोहात फुर्र करून बंद! आणि तिथून आपली खडाजंगी सुरू झाली.

तुझं म्हणणं एकच. "सदा, भरल्या नावंत ह्यो गपगुमान चालतोय रं. रिकामी परत आनताना तापतोय."

आणि मी कोण? पिंपरीच्या कारखान्यातला फिटर! ओझं वाढलं की इंजिन तापतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तुझं हे उफराटं शास्त्र मी कशाला ऐकतोय? "रिकाम्या नावेला ताप येतो होय? मग रिकाम्या डोक्यालाही येत असेल!" असं बोललो मी तुला. थोरल्या भावाला! तेव्हाच माझ्या थोबाडीत का नाही मारलीस?

मग ते दगड. एका रविवारी घाटावर आलो तर नावेच्या मागच्या बाजूला, इंजिनाजवळ, चांगले पायलीएवढे चार दगड, आणि त्यांना शेंदूर फासलेला! माझं टाळकंच सरकलं. इंजिनाला देव बसवले म्हणे! एकेक दगड उचलून डोहात भिरकावला. "दादा, इंजिनाला नवस लागत नाही, तेल आणि पाणी लागतं," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. धुणं धुणाऱ्या बाया हसल्या, गवळी हसले, तूही ओशाळून हसलास. वर मी हुकूम सोडला, सहापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत.

इंजिन जास्तच तापायला लागलं. शेवटी तू ते गोठ्यात टांगलंस आणि पुन्हा वल्हं हातात घेतलंस. मागचा सगळा पावसाळा फुगलेल्या पाण्यात वल्हवलंस, खोकत खोकत. माघात तू गेलास.

महिन्यापूर्वी वैनी म्हणाली, "भावजी, पावसाच्या आत त्ये चालू हुतंय का बगा. नाव मीच चालवीन म्हनते, पर वल्हं न्हाई झेपायचं मला." मग मी इंजिन गोठ्यातून खाली काढलं.

तुला ठाऊकच आहे, हे नदीचंच पाणी पिऊन थंड राहतं. खालच्या दांड्याला भोकं आहेत, तिथून पाणी वर चढतं, इंजिनाभोवती फिरतं आणि बाजूच्या छिद्रातून चिळकांडी होऊन बाहेर पडतं. चिळकांडी थांबली की समजायचं, गडी तहानलाय. पण का तहानतो? आधी भोकं तारेनं कोरली, ओंजळभर गाळ निघाला. पाण्याच्या वाटेत खार धरला होता, तो वैनीच्या चिंचेच्या पाण्यानं सोडवला. आतली पाणी ढकलणारी रबरी चकती झिजली होती. चिंचवडच्या उस्मानभाईंनी ट्रकच्या जाड रबरातून नवी कापून दिली. "सदाभाऊ, अब ये बुढ्ढा दौडेगा," म्हणाले.

अंगणात पिंपात काठोकाठ पाणी भरून त्यात चालवलं. काय सांगू, चिळकांडी थेट तुळशीपर्यंत! खुशीत घाटावर नेलं, एकटाच नावेत बसलो. डोहाच्या मध्यावर चिळकांडी खोकली, थांबली. इंजिनाला हात लावला तर चटका!

परत पिंपात, तर झकास. परत नदीत, तर चटका. तीन रविवार गेले, दादा. झोपेतसुद्धा मला एकच कोडं, पिंपात असं काय आहे जे नदीत नाही?

आज पिंपानंच सांगितलं. त्याला बुडाशी गंजून भोक पडलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. इंजिन चालू, पाणी हळूहळू उतरतंय. चार बोटं उतरलं आणि चिळकांडी बारीक झाली, खोकली, थांबली! मी कळशीभर पाणी ओतलं, सुरू! पुन्हा उतरू दिलं, बंद! अरे, ते पाण्याऐवजी हवा ओढत होतं!

तसाच घाटावर पळालो. रिकामी नाव किती वर तरंगते बघ! मागची फळी उंच, भोकं जेमतेम पाण्याखाली. नाव पळायला लागली, पाणी खळबळलं, की भोकं उघडी. आणि माणसं बसली की नाव दबते, भोकं खोल जातात, इंजिन पोटभर पितं. म्हणजे भरल्या नावेत गार आणि रिकामीत गरम! तंतोतंत तू म्हणायचास तसं.

धावत येऊन वैनीला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हनूनच तर त्ये दगड ठिवायचे, रिकाम्या खेपेला."

"मग शेंदूर?"

"शेंदूर म्या लावला. न्हाईतर बाया धुन्याला उचलून न्यायच्या की!"

अरे, तू औषधही शोधलं होतंस! नदीत दगडांना काय तोटा, दुसरे का नाही उचललेस? कशाला माझं ऐकलंस? तेच वैनीला विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्या दिशी जेवताना म्हनले, धाकट्याचंच बरुबर आसंल. त्यो कारखान्यात हाय, त्याला कळतंय. आपल्याला दिसतंय त्ये खोटं आसंल."

दादा, हे ऐकवत नाही रे. मला वाटायचं, तू भांडण नको म्हणून गप्प बसलास. तू तर माझ्यावर विश्वास ठेवलास! स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त! त्या वल्ह्यानं तुझी छाती गेली की ती आधीच पोखरली होती, डॉक्टर धड सांगत नाही आणि मला पुन्हा विचारायचा धीर होत नाही.

उद्या सुतार येऊन मागची फळी सहा बोटं कापून देणार आहे. इंजिन खोल बसेल. येत्या रविवारी घाटावर सगळ्यांसमोर सांगणार आहे, की दादाचं बरोबर होतं, मी गाढव. मग वैनीला दोरी ओढायला शिकवीन. आणि तुला शब्द देतो, उद्या ती म्हणाली की इंजिन भलताच आवाज करतंय, तर आधी तिच्याशेजारी नावेत जाऊन बसेन, कान देऊन ऐकेन, मगच तोंड उघडीन.

तुझा शहाणा म्हणवणारा धाकटा,
सदा