तळ्यावर अडकलेली शाळा

पश्चिम काठ, मिनेसोटा
मार्चअखेर

माननीय व्याहीबुवा टॉलेफ यांना विहीण बोर्गहिल्डचा मानाचा नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट. तुमची कंबर कशी आहे? (विचारायचं घोड्यांचं होतं, पण आधी माणसाचं विचारायची रीत आहे.)

शाळा अजून तुमच्या काठाला लागली नाही म्हणून तुम्ही रुसलात, असं कळलं. रुसा, पण कोणावर ते ऐका. आमच्या बापजाद्यांनी ओंडके रचून बांधलेली ती एका खोलीची शाळा. आमच्याकडे आता पोरं उरली नाहीत, तुमच्याकडे ढीगभर, म्हणून ती तुम्हाला द्यायची ठरली. फेब्रुवारीत तळं दगडासारखं गोठलेलं. पुरुषांनी शाळेखाली घसरगाडीसारखे वासे ठोकले, घोडे जुंपले आणि निम्मं तळं ओलांडलं. तिथे कॉफीची वेळ झाली. (चर्चला आग लागली तरी आमचे पुरुष कॉफी संपवूनच उठतील.) शाळेतली शेगडी पेटवली, ऊब आली, आणि गुडमुंड पंचाला आठवलं, की बरोबर इथेच खाली मोठाले दातेरी मासे असतात. झालं! मास्तरणीच्या टेबलाखालची फळी कापली, बर्फाला भोक पाडलं, गळ सोडला. सकाळपर्यंत उबेनं वितळलेलं पाणी पुन्हा गोठून वासे बर्फात घट्ट रुतले. तेव्हापासून सगळे रोज 'शाळा ओढायला' जातात आणि मासे घेऊन परततात. पहिल्या बाकावर कोण असतो, विचारा. तुमचे चिरंजीव, माझे जावई, एम्ब्रिक!

आता काठाशी बर्फावर पाणी दिसतंय. मला घरात बसवेना. गेले तडक आणि गुडमुंडला म्हटलं, "अरे, शाळा बुडेल." म्हणतो, "बुडू दे बोर्गहिल्डआजी, मासे शिकतील." म्हटलं, "मासे शिकतील रे मेल्या, तूच राहिलास!" मी दोनच हिवाळे शिकले, त्यातला एक खोकण्यात गेला, तेव्हा विद्येचे गोडवे मी गाणार नाही. पण तुमच्याकडे असलेली आपली नात सिग्ने आठ वर्षांची झाली, अजून स्वतःचं नाव कोंबडीनं उकरल्यासारखं लिहिते. दोन्ही घरांत मिळून माझ्यासारखी एक पुरे.

आमचे घोडे ओल्या बर्फावर घसरतात. तुमच्या घोड्यांना खिळ्यांचे नाल आहेत. जास्त काय लिहू.

तुमची विहीण
बोर्गहिल्ड

ता.क. फार विचार करत बसू नका. हे मी शाळेतूनच लिहितेय. सगळ्यांना बाहेर हाकललं, एम्ब्रिकच्या हाती खिडकीतून पत्र देतेय आणि दाराला आतून कडी आहे. काठ लागेपर्यंत उतरणार नाही. शाळा बुडाली तर विहीणही बुडेल. मग सुनेला तोंड कसं दाखवाल ते बघा.

आणखी एक. घोडे उद्याच आणा म्हणणार होते, पण परवा आणा. या भोकाखाली एक थोराड आहे, सकाळपासून दोनदा माझी दोरी तोडून गेलाय. तो वर येईपर्यंत शाळेला कोणी हात लावायचा नाही.