एकाच आवारातली दोन चर्चं

रोल्ला, शारजा
३ ऑक्टोबर २०२५

चि. विन्स्टन यास लुसीताईचे अनेक आशीर्वाद. राग कितीही असला तरी आशीर्वाद आधी, अशी आमच्या संस्कृतच्या बाईंची शिस्त होती. फोनवर मी ओरडेन, म्हणून हे पत्र. तुझे भावोजी हिलरी आणून देतील.

पुढच्या शुक्रवारी माझ्या लॅरिसाच्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि तू धर्मपिता. त्यासाठीच आज फादरना भेटायला जबल अलीला गेले, तर शेजारच्या प्रॉटेस्टंट चर्चमधून माईकवर तुझा आवाज. वॉचमन हम्माद कौतुकाने म्हणाला, पास्टर विन्स्टन, तीन वर्षं इथेच आहेत. दर शुक्रवारी तुझी गाडी त्याच आवारात दिसायची, म्हणून आम्ही निर्धास्त. गाडीला पंथ कोण विचारतो?

धर्मपिता कॅथलिकच लागतो, हे तू वीस वर्षं आपल्या चर्चच्या धर्मवर्गात मुलांना शिकवलंस. वसईला आईला कोण सांगणार? मी नाही. खलास.

लोभ आहे, वाढावा असं तूर्त लिहवत नाही.
लुसी

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

राग मलाही आलाय. वॉचमनला विचारलंस, मला हाक मारली नाहीस. जुन्या अमेरिकेतल्या ज्या पाळकाचं चरित्र मी लिहितोय, त्या एझ्रा व्हिटकोमनेही चाळिशीत पंथ बदलला. गावाने घर काढून घेतलं, सख्ख्या भावाने दार लावलं. तुमच्यासारख्यांमुळेच माणूस गप्प बसतो. फादरना कळवू नकोस. शुक्रवारी मी उभा राहणारच.

लोभ परवडेल तेवढा ठेवावा.
विन्स्टन

रोल्ला, ७ ऑक्टोबर

चि. विन्स्टन यास आशीर्वाद, मोजून एक.

तुझ्या चरित्राची पानं मीच तपासली. व्हिटकोमने आपल्याच लोकांसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. घर नंतर गेलं. तू घर राखलंस आणि तोंड झाकलंस. पंथ बदललास याचा राग गिळेन. पण दर शुक्रवारी आईला व्हिडिओ कॉलवर ‘आपल्या चर्चातली मिस्सा छान झाली’ म्हणालास, त्याचा राग कसा गिळू?

धर्मपिता आता व्हर्नन, लॅरिसाचा दीर. तू ख्रिस्ती साक्षीदार म्हणून शेजारी उभा राहू शकतोस, नियमात बसतं. पण आधी आईला सांग. नाहीतर येऊ नकोस.

लोभाचं, उत्तर मिळाल्यावर बघू.
लुसी

डिस्कव्हरी गार्डन्स, ८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

फादरना भेटलो. लॅरिसालाही सांगितलं, ती म्हणाली, ‘मामा, यू शुड हॅव टोल्ड मी.’ मग आईला. तिने सगळं ऐकलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

शुक्रवारी साक्षीदार म्हणून येतोय. तुझा राग उरला असेल तर घेऊन ये. आईच्या वाटचं कुणीतरी ओरडायला हवं.

तुझा,
विन्स्टन