पत्र्याचं दार

१२ ऑक्टो. ८७, सोम.
चारला वादळ, साडेचारला लाइट गेली. शाळेतून भिजत आले. नाक्यावरचं गुलमोहराचं झाड रस्त्यावर आडवं. लगेच आळीत दारोदार फिरले. दारं लावा, आत बसा, तारांखालून जाऊ नका.
समोरच्या पत्र्याच्या खोलीतली कुसुम, लूमच्या कांड्या भरते ती, म्हणाली, "बाई, पत्राच उडाला तर?"
"उडू दे. तू दार लावून बस. घरात बसून कुणी मरत नाही."
"तुमचं साधं बोलणंपण भाषणच वाटतं," म्हणून हसली. दार लावलं.

१३, मंगळ.
लाइट नाही. नळाला पाणी नाही. दिवाळी तोंडावर आणि लूम बंद. इतकी शांतता या गावात सोसत नाही. चारला आळीतली माणसं घेऊन सबस्टेशनवर गेले. दीडेकशे माणूस. पायरीवर उभी राहून बोलले. बऱ्याच दिवसांत इतकी चांगली बोलले नव्हते.
लाइनमन म्हात्रे एकटा ड्युटीवर. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्याच आळीकडं तार तुटलीय असा निरोप हाय. बघून येतो, मंग चालू करतो. येक तास द्या."
मी म्हटलं, "शोधायला कंदील देऊ का, म्हात्रे?"
काय हसली माणसं! त्याला फाटकाबाहेर पडूच दिलं नाही. मीही नाही. ६.१० ला त्याने खटका ओढला. "बाईंचा विजय असो." घसा बसला, पण

नंतर. परतताना आळीतून आरडाओरडा. मला वाटलं, लाइट आल्याचा.

१४, बुध.
कुसुम गेली. तार तिच्याच खोलीच्या मागच्या पत्र्यावर पडली होती. रात्रभर, दिवसभर, करंट नसलेली, मेलेली. दत्ताराम, तिचा नवरा, सांगत होता, "आली आली म्हनून दार उघडाय गेली." कडीला चिकटली.
मी सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशीही दार लावून बसलेली.
अंत्ययात्रेत कुणीतरी म्हणालं, म्हात्रे दारू प्यायलेला होता. संध्याकाळपर्यंत सगळेच म्हणत होते. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. वास नव्हता. बोलले नाही.

१६, शुक्र.
म्हात्रे सस्पेंड. पोलिसांनी दोनदा बोलावला. रविवारी शोकसभा, मुख्य वक्ता मी. अटकेची मागणी मीच मांडायची असं ठरलं. माझ्याच घरात, माझा चहा पीत ठरलं.
दत्ताराम म्हणाला, "बाई, त्याला सोडू नका. तुमी बोललात का होतंच." 'होतंच' म्हणाला. त्याला काही कळलेलं नाही की सगळं कळलंय?
जमावाच्या मानसिकतेवर मी तीन तास बोलू शकते. बोललेही आहे. टाळ्या पडल्यात.

१७, शनि.
दुपारी म्हात्रे आला, बायकोला घेऊन. आत ये म्हटलं, आला नाही. उंबऱ्याबाहेर चप्पल हातात घेऊन उभा.
"बाई, मी तार बघून येतो बोललेलो. येवढंच पोलिसांना सांगा. बाकी कायबी नको."
म्हटलं, "गर्दी होती हो. मला नीट ऐकू आलं नाही."
तो बायकोकडे बघत, अगदी हळू, "मंग कंदील कोनाला देत व्हत्या?"
बायको म्हणाली, "चला. यांच्या तोंडी कशाला लागता? तिथंच तं मेलो आपुन."
गेले.
इतक्या वर्षांत वादात मला असं कुणी गप्प केलेलं नाही. राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. नोकरीवर असलेल्या माणसाने दीडशे जणांना 'नाही' म्हणायला हवं होतं. खटका त्याने ओढला, मी नाही. उद्या हे बोलता येईल. चांगलं बोलता येईल. लोकांना पटेल.
हेच भयंकर आहे की पटेल.

१८, रवि.
वर्गातल्या मुलींना सांगते, भाषण कधी लिहून नेऊ नका. आज मीच लिहायला बसले. पहिलं वाक्य 'मी ऐकलं होतं'. त्याच्यापुढे काही सुचत नाही.
पाच वाजले. माइकवर हॅलो, हॅलो चाललंय. शेजारीण सांगून गेली, म्हात्रे येऊन मागे बसलाय, बायकोसकट. मारतील त्याला. अजून मारलं नाही, माझ्यासाठी थांबलेत.
दारावर थाप. दत्ताराम. "बाई, चला. लोक वाट बघतात."
आले, म्हटलं. उठले. परत बसून हे लिहिते आहे.
आमच्या दाराची कडीही लोखंडाची आहे. त्या दिवसापासून फडक्याने धरून उघडते.
पुन्हा थाप.