चहाचे टेबल दारापासून लांब ठेवण्याबाबत

मी, कमलाकर शिमोन भालेराव, वय ६३, मूळचा अहिल्यानगरचा, हल्ली मुक्काम रियाध, प्रभूच्या कृपेने बुद्धी शाबूत आणि गुडघे निकामी असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे.

१. सावेडीचे घर व बँकेतील ठेवी पत्नी प्रमोदिनी हिला. हत्यारांची पेटीही तिलाच. मी इस्पितळात मेंटेनन्सला असलो तरी घरचे नळ तिनेच दुरुस्त केले आहेत.

२. आमच्या इथल्या, रियाधच्या घरातील हॉलमधील सर्व सामान शुक्रवारी उपासनेला जमणाऱ्या मंडळीला, एका अटीवर.

अट कळावी म्हणून हकिकत लिहितो. २००१ साली मी इथे नवा होतो. दुसऱ्यांच्या घरी उपासनेला सलग सहा शुक्रवार दाराजवळच्या खुर्चीत बसलो. सगळे प्रेमाने हसले, नाव कोणी विचारले नाही. सातव्या शुक्रवारी गेलोच नाही, तेही कोणाला कळले नाही.

पुढे उपासना आमच्याकडे भरू लागली तेव्हा मी रांगा मोडल्या, दाराजवळची खुर्ची काढली आणि चहाचे टेबल पार आतल्या कोपऱ्यात नेले. कप एका टोकाला, साखर दुसऱ्या. साखर मागायची तर माणसाला तोंड उघडावेच लागते.

उमाकांत साळवे म्हणाले, "भालेराव, ही उपासना आहे की अडथळ्यांची शर्यत?" आणि टेबल दाराशी आणले. मी आत नेले. असे चार महिने चालले. मग मोहन नावाचा नवा लॅब टेक्निशियन त्या कोपऱ्यात अडकला आणि त्याचा चहा थेट उमाकांतांच्या सफारीवर सांडला. बिचारा इतका घाबरला, की सफारी धुवायला घेऊन गेला. परत द्यायला त्यांच्या घरी गेला, तर दार त्यांच्या मंजुषाने उघडले. आज तो त्यांचा जावई आहे. उमाकांत म्हणतात, देवाची योजना. असेल. टेबल मी ठेवले होते.

सबब, टेबल आतच राहील.

३. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकील सांगतात. म्हणूनच उमाकांतांना साक्षीदार केले आहे.

रियाध, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५
(सही) क. शि. भालेराव

साक्षीदार:
(१) उमाकांत साळवे. वाचले. चार नव्हे, तीन महिने.
(२) मुग्धा पाटोळे, परिचारिका. आज प्रथमच आल्या.

ता. क. मुग्धाबाईंनी सहीखाली पत्ता लिहिला तेव्हा कळले, त्या दोन वर्षे आमच्याच खालच्या मजल्यावर राहतात. मी विचारले, "मग इतके दिवस आला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "वरून गाणी ऐकू यायची, काका. पाठसुद्धा झाली. पण न बोलावता कसं यायचं? आज लिफ्टमध्ये काकूंनी विचारलं, 'कुठली गं तू?'"

लिफ्टच्या रचनेत माझा काही हात नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.