नळीतलं लाल पाणी

मंगळवार, १२ तारीख

ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर मी करू नये ते करून बसलोय. आधी शेवटपर्यंत वाच, मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझ्या बाबांनी शेडमध्ये बांधलेल्या विमानाच्या नाकाखालचं ते हवेचं तोंड आठवतं ना? तूच त्याला बेडकाचा जबडा म्हणायचीस. त्यातून वारा आत जातो आणि इंजिन थंड राहतं. काकांचं म्हणणं, जबडा फार मोठा झालाय, उगाच वेग खातो. पण लहान करायचा तर किती, ते मोजूनच कळणार.

म्हणून दोन शनिवारांपूर्वी मोजायला घेतलं. इंजिनाजवळून एक पारदर्शक नळी काढली, फळीवर वाकवून बसवली, तिच्यात लाल शाईचं पाणी. आत हवेचा दाब जितका जास्त, तितकं पाणी वर चढणार. काका आत बसून इंजिन चालवत काचेतून बघतायत, मी बाहेर फळी धरून उभा. आणि नळीचं मोकळं टोक नेमकं माझ्या तोंडाजवळ.

तू मला ओळखतेस. मी ओढलं. सरबत ओढतात तसं.

पाणी सरसर चढलं. वाटलं, काका चमकतील, मी हसेन, दोन रट्टे बसतील, संपलं. तर ते इंजिन बंद करून उतरले आणि माझ्या गळ्यातच पडले. "गड्या, दुप्पट दाब आहे. अर्ध्या तोंडात भागेल आपलं." डोळ्यांत पाणी. काकू म्हणाली, "आमच्या लग्नात पण हे इतके खूश नव्हते." मी नळीचं टोक सदऱ्याला पुसून ठेवलं.

मग त्यांनी फायबरचं नवं तोंड केलं, जेमतेम चार बोटांचं. काल जमिनीवर दोन मिनिटं इंजिन चालवलं, तापमानाचा काटा ठीक होता. उद्या उडणार होते. पण काकांनीच मला शिकवलंय, चढताना वेग कमी आणि इंजिनाला जोर जास्त, खरं तापतं ते तेव्हा. आणि आपली धावपट्टी संपली की पुढे नुसती दगडखाण. तिथे इंजिन बंद पडलं तर उतरायला जागाच नाही.

आज दुपारी ते तोंड रंगवायला काढून बाकावर ठेवलं होतं. मी त्याच्यावर बसलो. चुकून नाही.

काका धावत आले. म्हटलं, आता मेलो. तर म्हणाले, "लागलं का रे तुला? जाऊ दे, साचा आहे. रविवारपर्यंत दुसरं होईल." आणि माझ्या मांडीत घुसलेली फायबरची कुसळं चिमट्याने एकेक काढत बसले.

साचा त्या चार बोटांचाच आहे, ताई. आणि तो बसून मोडत नाही. बघितलं मी.

फोन केला तर काकू शेजारी कान लावून असते, म्हणून लिहितोय. तू बाबांना सांग, "मला धाकधूक वाटते, उडायच्या आधी पुन्हा एकदा मोजा, आणि फळी धरायला आईला उभी करा." तुझं ते ऐकतात. फक्त मी ओढलं हे सांगू नकोस. त्यांना नको, काकूला नको, कुणालाच नको. माझ्यामुळे कुणी इतकं खूश झालेलं मी आजवर बघितलं नव्हतं. पाया पडतो तुझ्या.

आणि रविवारच्या आत.

तुझा,
उभ्याने लिहिणारा
उचापत्या