कॅबिनेटमधली लिंबू-मिरची

अण्णा, तुमचा कॉम्प्युटर आता लातूरला आहे. आईही. दोघांना एकाच गाडीतून आणलं. आई पुढे, माझ्या शेजारी, आणि कॅबिनेट मागच्या सीटवर दोन उशांच्या मधे पट्टा लावून. अहमदपूरच्या पुढे गतिरोधक आला की ती मान वळवून मागे बघायची. शेवटी मी म्हटलं, "माझ्याकडं एवढं कधी बघितलं न्हाईस." तर म्हणाली, "तू पडलीस तरी बोलतच राहतीस. ते पडलं की मुकं होतंय."

तुम्ही गेल्यापासून ती नांदेडच्या घरात एकटी राहिली, हे तुम्हाला आवडलं असतं की नाही कोण जाणे. मला आवडत नव्हतं. स्त्रीने स्वतंत्र राहावं असं मी गावोगावी ओरडून सांगते, आणि माझीच आई स्वतंत्र राहत होती तर मला झोप लागत नव्हती. न्हाणीघरात एकदा पाय घसरला, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही उजव्या डोळ्यापुढचं धुकं हटलं नाही, तेव्हा कुठे ती "बघू" म्हणाली. अट एकच. कॉम्प्युटर जसा आहे तसा आला पाहिजे. कारण पडद्यावरचं ती वाचत नाही, जागेवरून ओळखते. वरून तिसरं चित्र पत्त्यांचं, त्याच्या खाली देवणीच्या मावशीशी बोलायचं, आणि उजवीकडच्या कोपऱ्यात तुम्ही बसवलेला तो टायपिंगचा प्रोग्राम, ज्याची मांडणी तिच्या कचेरीतल्या टाइपरायटरसारखी आहे. तिची बोटं त्यावर अजून अशी पळतात की मी बोलतानाही तेवढी पळत नाही. तो बनवणारी कंपनी बंद पडली, सीडीवर ओरखडे पडले, म्हणजे तो पुन्हा बसवायची सोय नाही. त्या प्रोग्रामवर ती वर्तमानपत्राला तक्रारींची पत्रं लिहिते. विष्णुपुरीचं धरण उशाशी आणि नळ कोरडा, या विषयावर तिने संपादकाला जेवढं छळलंय तेवढं मी सरकारलाही छळलेलं नाही. लोक मला विचारतात, ताई, ही आग कुठून आली? त्यांना वाटतं पुस्तकातून.

तर आई आली, पण तिची पिशवी उघडली नाही. पलंगाखाली सरकवून ठेवली. "आधी ते चालू राहतंय का बघते, मग उघडते," म्हणाली. आणि आठवडाभरातच डिस्क आवाज करायला लागली. कट, कट, मग थांबून पुन्हा कट. एक पान उघडायला चहा उकळण्याएवढा वेळ. आईने नांदेडच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, एकदम फ्रेश." एरवी ही भाषा माझीच. जुनं पुसा, नवं मांडा, यावर मी टाळ्या घेतलेल्या आहेत. पण पुसलं असतं तर आईच्या हाताखालची सगळी जागाच गेली असती. म्हणून ठरवलं, सिस्टिम आहे तशी उचलून नव्या डिस्कवर ठेवायची, आणि मीच ठेवायची. वाचून कळत नाही असं जगात फार थोडं असतं, हे माझं जुनं मत आहे. दोन रात्री सोडून बाकी वाचन मी दिवसाच केलं, तेव्हा चिंता नको.

कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आत तुम्ही बसलेले. म्हणजे तुमची ती छोटी डिस्क. मोठीच्या खाली, धुळीत, दोरीने बांधलेली. तिच्यासाठी तुम्ही कधी स्क्रू विकत आणलेच नाहीत.

तो दिवस मला स्वच्छ दिसतो. मी नांदेडलाच भाषण करून घरी आलेय, घसा बसलाय. तुम्ही सभेत मागच्या रांगेत बसला होता आणि माझ्या आधी घरी पोचून, भूगोलाचे निवृत्त मास्तर, जमिनीवर मांडी घालून कॅबिनेट उघडून बसलाय. झाकणाचे स्क्रू आईच्या पोह्यांच्या ताटलीत. आई स्वयंपाकघरातून ओरडतेय की ती ताटली आत्ताच्या आत्ता हवी. मी खाली वाकून विचारते, "अण्णा, ही छोटी कशाला ठेवलीय? ती तर जुनी ना, रिकामी?"

"असू दे."

"पण का?"

"काढली की सुरू होत न्हाई."

"ते कळलं. का होत न्हाई?"

"ते मला काय म्हाईत. मघाशी तासभर तूच सांगून राहिली होतीस, कारण विचारा, कारण विचारा. मी विचारलं. ती सांगत न्हाई."

मी म्हटलं, दाराला लिंबू-मिरची बांधणारे लोक अगदी हेच बोलतात. काढली तर काहीतरी होईल, काय ते माहीत नाही, म्हणून असू दे. तुम्ही हसून पेचकस माझ्याकडे रोखलात. "मग लिंबू-मिरची समज. पण एक ऐक. दुसऱ्याच्या घरातलं काढायच्या आधी विचारावं, आणि विचारून कळलं न्हाई तर हात आवरावा." मी वाद घातला. पोहे थंड झाले. तेव्हापासून घरात त्या डिस्कचं नावच लिंबू-मिरची पडलं.

तर गेल्या रविवारी दुपारी मी मोठी डिस्क नव्या डिस्कवर उतरवली. पडद्यावरची पट्टी सावकाश भरत गेली, मी शेजारी खुर्ची टाकून बसले. पूर्ण झाल्यावर मोठी काढली, नवी लावली, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तुमची लिंबू-मिरचीही दोरी कापून काढून टाकली. बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी ओळ, की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. वाटलं, नक्कल नीट उतरली नसेल. पुन्हा उतरवली. पुन्हा तीच ओळ. मग जुनी मोठी एकटी लावून पाहिली, सकाळपर्यंत कण्हत का होईना चालणारी, आणि तीही सुरू होईना. अण्णा, आईचं बोटांखालचं सगळं घर मी एका दुपारीत पाडलं होतं आणि पलंगाखाली तिची पिशवी भरलेलीच होती.

ती दारात येऊन उभी राहिली. तिला ओळ वाचता आली नाही, पण माझं तोंड वाचता आलं.

"छोटी कुठंय?"

"टेबलावर."

"ह्यांनी काढू नको म्हणलं होतं ना?"

"आई, त्याला काही कारण—"

"कारण नंतर सांग. आधी लाव."

लावली. आणि झालं सुरू. जुनीबरोबर झालं, मग नवीबरोबरही झालं, चित्रं जागच्या जागी, पत्ते वरून तिसरे. आई तिच्या खुर्चीत बसायला निघाली होती, पण मी तिला बसू दिलं नाही. मला कारण हवं होतं. आणि कारण आहे, अण्णा, ऐका. तुम्ही मोठ्या डिस्कवर सिस्टिम टाकलीत तेव्हा छोटी जोडलेलीच होती. सिस्टिमने सगळं सामान मोठीवर ठेवलं, पण सुरुवात करून देणाऱ्या चार फायली आधीपासूनच्या छोटीवर ठेवल्या. बटण दाबलं की मशीन आधी छोटीकडे जायचं, ती सांगायची सामान कुठे आहे, आणि मग गाडी चालायची. मी मोठीची नक्कल केली ती तंतोतंत होती. जे मोठीवर नव्हतंच ते नकलेत कुठून येणार? मग पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून त्या फायली नव्या डिस्कवर लिहिण्याचा एका ओळीचा हुकूम दिला. पहिल्यांदा चुकला, कारण हुकूम द्यायच्या त्या खिडकीत डिस्कची सी, डी ही अक्षरं बदललेली असतात. दुसऱ्यांदा बरोबर लागला. छोटी काढली, बटण दाबलं, नवी एकटी उठून उभी राहिली.

आता आपला वाद. तुम्ही बरोबर होता, पण तुमच्याकडे कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय बरोबर असणं मी अजूनही मान्य करत नाही. तुम्ही थांबलात, हे ठीक. पण थांबून बसून राहिलात, शोधलं नाहीत. शोधलं असतंत तर लिंबू-मिरची तेव्हाच सुटली असती. माझं मत बदललेलं नाही. एवढंच की काढलेली वस्तू लगेच भंगारात देऊ नये, सुरू होतंय का ते बघेपर्यंत टेबलावर असू द्यावी, हे मी आता व्यासपीठावरूनही सांगणार आहे, आणि श्रेय तुम्हाला देणार नाही.

संध्याकाळी आई टायपिंगला बसली. माननीय संपादक यांस, लातूरचा नळ कधी येणार हे नागरिकांना आधी का कळत नाही. मी मागे उभी राहून वाचत होते. पत्त्याच्या जागी तिची बोटं क्षणभर थबकली. मग तिने लिहिलं, लातूर. "इथं तर लिहायला नांदेडपेक्षा लई मसाला हाय," म्हणाली आणि मान न वळवता पुढे, "ती पिशवी काढ खालची. लुगडी कपाटात लाव. ह्यांची छोटी घातलीस ना परत?"

"घातली."

आईच्या समाधानासाठी घातली असं तुम्हाला लिहिणार होते. पण हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा खरं लिहिते. तिने विचारलं त्याच्या बराच आधी, ती चहा करत असताना, मी ती जागेवर ठेवली, केबल जोडली आणि नवी दोरी बांधली. मशीन आता नव्या डिस्कवरूनच सुरू होतं, हे सेटिंगमध्ये जाऊन मी दोनदा पाहिलंय. छोटीला काहीही काम नाही. पुढच्या आठवड्यात उदगीरला भाषण आहे, विषय तोच, कारण विचारा. तिथे मला कुणी या दोरीचं कारण विचारू नये, एवढीच इच्छा आहे.