बाहीची रेघ

४ फेब्रुवारी २००४, माबेला

त्या सकाळी मी बोंबील तळत होते, नेहमीसारखे. पास्कूची पाण्याची बाटली फ्रीजरमधून काढली, फडक्यात गुंडाळली. शर्टाची कॉलर ओली करून इस्त्री केली. लीनाची वेणी घातली, कचरा खाली नेऊन टाकला. पा. म्हणाला, मीठ जास्त झालंय. मी म्हटलं, मग नको खाऊ. खाल्लं त्याने. सव्वापाचला रुसैलची बस आली.

पुढचं लिहीत नाही. जूनमध्ये त्याला जाऊन दोन वर्षं होतील. कंपनीच्या कागदावर ‘हृदय’ असं कारण आहे. रुसैलच्या यार्डात छप्पर नव्हतं, आखातातलं जूनचं ऊन होतं, हे कुठल्याच कागदावर नाही.

आज आठवायचं कारण, आमच्या पार्लरमध्ये नवीन बाटल्या आल्या. अंगाला उन्हाचा रंग आणायच्या. उन्हात न बसता.

७ फेब्रुवारी

बाटलीबरोबरचा कागद घरी आणला. डिक्शनरी घेऊन तीन संध्याकाळी बसले. माझी शाळा सातवीपर्यंत, पण वाचायचं सोडलं नाही कधी. अंग आधी खरडून घ्यायचं. कोपरं, गुडघे, घोटे कोरडे असतात, तिथे आधी क्रीम लावायचं, नाहीतर रंग तिथेच जास्त मुरतो आणि डाग पडतात. लावल्यावर आठ तास पाणी नाही, घट्ट कपडा नाही. पार्लरच्या मुलींपैकी कुणीही हे वाचलेलं नाही. मालकीण सुआद मॅडमनेही नाही. म्हणाली, मार्था, तुला कळलं ना, मग खलास, हे काम तुझं.

आमच्या फळीवर आता डावीकडे गोरं व्हायची क्रीमं, उजवीकडे सावळं व्हायची बाटली. मधे पंखा.

लीनाला सांगितलं तर म्हणते, “मम्मी, तुझा कलर विकत घेतात ते? मग तू फुकटमध्येच रिच आहेस.” तिचं मराठी असं. हसले मी. मग हसू येईना. वसईला माझ्या लग्नात बायका बोलल्या होत्या, गोऱ्या पास्कूला हीच मिळाली काय.

१८ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक, मिसेस बार्बरा. इंग्रज, पन्नाशीच्या पुढची, नवरा तेलाच्या कंपनीत. आमच्याकडे केस कापायला येते ती. पाठीवर खांद्याखाली लांब व्रण. तीळ काढला, म्हणाली, डॉक्टरने ऊन बंद केलं. आधी समुद्रावर पडून असायची म्हणे रोज. आता पांढरी पडले, फोटोत आजारी दिसते, म्हणाली.

मी हातमोजे घातले नाहीत. बाळंतिणींना मालिश करून हात तयार झालेत माझे, रबरातून अंग कळत नाही. तिला आवडलं. संध्याकाळी बघते तर माझे दोन्ही तळवे तपकिरी. लिंबू घासलं, राख घासली. जात नाही. माझ्या अंगावर फिकट अशी तेवढीच एक जागा होती.

लोशनला करपलेल्या बिस्किटांसारखा वास येतो. जेवताना घास तोंडाशी नेला की तोच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चर्चमध्ये मिस्सेला हात जोडताना मुठी मिटून बसले. शेजारच्या सेसिलियाने विचारलंच, मेंदी कुणाच्या लग्नाची गं?

२६ फेब्रुवारी

पा.च्या हातावर बाहीची रेघ होती. दंडापर्यंत गोरा, खाली यार्डाच्या उन्हाने रापलेला. शर्ट काढला तरी शर्ट घातल्यासारखा दिसायचा. आल्यावर आपला हात माझ्या हाताशेजारी धरायचा आणि म्हणायचा, “बघ मार्थे, जुळलं आता.” रोज नाही. पण पुष्कळदा.

पेटीत त्याला पूर्ण बाह्यांचा कोट घातला होता. रेघ झाकली गेली. बाही दंडापर्यंत वर सरकवून बघायचं होतं, माणसं होती भोवती. राहिलं.

१७ मार्च

बार्बराची चौथी वेळ. आता बुधवार तिचाच. न्यायला नवरा आत आला. टॉम. उंच, टक्कल, मासे धरायला बोटीतून जातो. अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि बाही वर सरकली तेव्हा रेघ. तशीच. त्याच जागी.

त्याने आपला हात तिच्या हाताशेजारी धरला आणि काहीतरी म्हणाला. जुळलं, अशा अर्थाचंच. ती हसली. मी टॉवेल गोळा करत होते.

ते हात माझे होते. म्हणजे रंग माझा होता. म्हणजे काय ते मला नीट लिहिता येत नाही. माझ्याच तळव्यांनी मी तिला तो हात करून दिला आणि तिने तो नवऱ्यापुढे धरला.

१८ मार्च

डोक्यातून जात नाही. पा.ला तो रंग यायला अकरा वर्षं लागली आणि जीव गेला. हिला एक तास लागतो, वर एसी.

कुठेच रेघ नाही हिला. सगळीकडे सारखी.

२४ मार्च

सांगत होती, पहिल्या तारखेला लग्नाची पंचवीस वर्षं. हॉटेलात पार्टी. पाठ उघडी, बाह्या नाहीत असा ड्रेस शिवलाय. आदल्या दिवशी मला छान कर, म्हणाली. माझा हात धरून म्हणाली. मला पंधरा वर्षं मिळाली, हे तिला माहीत नाही. सांगायची गरजही नव्हती.

३१ मार्च

केलं.

म्हणजे केलं नाही. कोपरांना क्रीम लावलं नाही. गुडघ्यांना, घोट्यांना नाही. डबा समोर होता, झाकण उघडलेलं होतं. जाताना तिने घट्ट पट्ट्यांचं बनियन घातलं, ते मी बघितलं आणि गप्प राहिले. सैल घाला, हे दर वेळी सांगते. ती गाडीत बसली, हात हलवला. मीही हलवला.

२ एप्रिल, शुक्रवार

उपवासकाळ, म्हणून पापनिवेदनाला रांग. उभी राहिले. पुढे चार जणी होत्या. जे करायचं ते न करणं हेही पाप, असं आपण दर मिस्सेत छातीवर हात ठेवून म्हणतो. मी ते नुसतं म्हणत आले. इतर मुलींच्या हातून असं झालं असतं तर चूक म्हटली असती, त्यांनी कागद वाचलेला नाही. मी वाचला होता.

दोघी उरल्या तेव्हा रांगेतून निघाले.

५ एप्रिल

बार्बरा आली. कोपरं काळी, गुडघ्यांवर चट्टे, खांद्यावर पट्ट्यांच्या दोन पांढऱ्या रेघा. पार्टीत ड्रेसवर जाकीट घालून बसली, काढलं नाही म्हणे. सगळे नाचले, ही बसून.

मॅडमचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघू लागली. बार्बरा म्हणाली, मार्थाचा दोष नाही, मीच घरी जाऊन लगेच आंघोळ केली. मॅडम म्हणाली, मग ठीक.

मग मी तिचे केस धूत असताना हळूच म्हणाली, “मी पाण्यात गेले नव्हते. पण सुआदने तुला बोल लावला असता. चूक होते गं माणसाची. पुढच्या बुधवारी पुन्हा तूच कर. तुझे हात ओळखीचे झालेत.”

तिचं डोकं माझ्या हातात होतं. मी पाणी जरा गरम केलं, एवढंच सुचलं.

आधी मला तिच्या नवऱ्याचा हेवा होता. आज तिच्या मनाचाही वाटला. पा. असाच होता. मीठ जास्त म्हणायचा आणि खायचा.

६ एप्रिल

कुणालाही कळणार नाही. हे चांगलं की वाईट, त्यावर दिवसभर.

सांगितलं तर ती मॅडमला सांगेल, सांगायलाच हवं तिने. मॅडम खलास म्हणाली की नोकरी गेली, व्हिसाही गेला. लीनाची दहावी आत्ताच सुरू झाली आहे. नव्या वह्यांना कव्हरं घालून ठेवलीत तिने.

न सांगता बुधवारी पुन्हा तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, त्या व्रणावरून, हे मला जमेल का ते कळत नाही. उद्याचा बुधवार तिचा नाही, टॉमची सुट्टी आहे. म्हणजे चौदापर्यंत वेळ आहे.

तळव्यांवर अजून आहे रंग. जीवनरेषेत जास्त.

७ एप्रिल

पार्लर सुटल्यावर टॅक्सी करून तिच्या घरी गेले. पत्ता पार्लरच्या वहीत होता. टॉमने दार उघडलं, हातात मासे साफ करायची सुरी. मला बघून खूश झाला, तिला हाक मारली. मला बसा म्हणाले. मी बसले नाही.

वाक्यं इंग्रजीत पाठ करून नेली होती. क्रीम मुद्दाम लावलं नाही. बनियन बघितलं आणि मुद्दाम बोलले नाही. दोनदा मुद्दाम आलं.

तिने एवढंच विचारलं, “का?”

ते पाठ केलेलं नव्हतं. मी टॉमच्या हाताकडे बोट केलं. म्हटलं, माझ्या नवऱ्याला इथेच रेघ होती. तोही माझ्या हाताशेजारी हात धरायचा.

टॉमने बाही खाली ओढली. मला ते नको होतं.

बार्बरा उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मी उभी. शेवटी टॉम म्हणाला, टॅक्सीपर्यंत सोडतो. मी नको म्हटलं.

लीनाला काही सांगितलं नाही. तिने भात लावून ठेवला होता.

८ एप्रिल

सकाळी नेहमीच्या वेळेला पार्लरला गेले. टॉवेल भिजत घातले. मॅडम आली, सलाम म्हणाली, फोनवर बोलत आत गेली. वहीत चौदा तारखेला अकरा वाजता बार्बराचं नाव आहे. ते मी खोडलं नाही.